चार्पीच्या नोंदी: ३० इंची गॅसलाइन, लॉट ९

८ जानेवारी २०२४, सोमवार

लॉट ९ ची कागदपत्रं पाइप बनवणाऱ्या मिलकडून आज आली. पाइप ७६२ मिमी व्यासाचा, भिंत ९.५ मिमी, ग्रेड एक्स-६० (स्टीलच्या ताकदीची प्रत), स्पायरल वेल्ड (स्टीलची पट्टी तिरकी गुंडाळून वेल्ड केलेला), एपीआय ५एल पीएसएल-२ (लाइन पाइपचं मानक, त्यातली कडक पातळी). लाइनीतला गॅसचा दाब ७० बार. चार्पी चाचणीत खाच पाडलेला छोटा नमुना झुलत्या हातोड्यानं फोडतात आणि तुटताना त्यानं किती ऊर्जा घेतली ते जुलांत मोजतात. प्रकल्पाची चार्पीची अट अशी: शून्य अंशाला पूर्ण मापाच्या तीन नमुन्यांची सरासरी ६० जूल, आणि एकही नमुना ४५ च्या खाली नको. पूर्ण माप म्हणजे १० बाय १० बाय ५५ मिमी. या भिंतीतून ते निघत नाही. ५५ मिमी लांबीत पाइपचा बाक जवळजवळ १ मिमी येतो, म्हणजे सरळ नमुन्यासाठी साडेआठ मिमीच उरतात. म्हणून ७.५ मिमीचा नमुना घेतलाय आणि हद्दही त्याच प्रमाणात खाली येते: सरासरी ४५, एकटा ३४.

सर्टिफिकेटवरचे आकडे: १६२, १५८, ६१. सरासरी १२७. शेरा पास.

नियमाने तो बरोबरच आहे, ६१ सुद्धा ३४ च्या वरच आहे. पण एकाच पाइपमधून, एकमेकांना चिकटून कापलेले तीन नमुने. त्यातले दोन १६० च्या आसपास आणि तिसरा ६१, हे मला पटत नाही. शिअर एरियाच्या, म्हणजे चिवटपणे तुटलेल्या भागाच्या टक्केवारीच्या, रकान्यात नुसतं ‘सरासरी ८०’ लिहिलंय. दोन नमुने १०० टक्के धरले तर तिसरा ४० येतो. म्हणजे त्या एका नमुन्याचा निम्म्याहून जास्त भाग ठिसूळपणे तुटलाय, आणि तोही शून्य अंशाला.

मिलला मेल केली: तिन्ही नमुन्यांचे तुटलेले तुकडे पाठवा. त्या पाइपचा अर्ध्या मीटरचा रिंग पीस (पाइपचा गोल कापलेला तुकडा) आणि शेजारच्या लॉटमधल्या एका चांगल्या पाइपचाही तेवढाच पाठवा. मशीन केलेले पण न फोडलेले नमुने शिल्लक असतील तर तेही द्या.

९ जानेवारी, मंगळवार

मिलच्या क्वालिटीच्या साहेबांचा फोन आला. म्हणाले, “मॅडम, कॉइलच्या सर्टिफिकेटवर ११० आहे आणि आमच्या पाइपवर १६०. पाइप कॉइलपेक्षा चांगलाच आहे, मग अडलंय कुठे?”

ही तुलना नेहमी होते आणि नेहमीच चुकते. कॉइल म्हणजे ज्यापासून पाइप बनतो ती स्टीलच्या पट्टीची गुंडाळी. तिचा नमुना रोलिंगच्या दिशेला आडवा कापलेला असतो. स्पायरल पाइपमध्ये ती दिशा पाइपभोवती तिरकी फिरते. आपली कॉइल १५०० मिमी रुंद, पाइपचा परीघ २३९४ मिमी. यावरून रोलिंगची दिशा पाइपच्या अक्षाशी सुमारे ५१ अंशांचा कोन करते. चार्पीचा नमुना परिघाच्या दिशेनं काढतात, म्हणजे तो रोलिंगच्या दिशेपासून ३९ अंशांवर पडतो. उभा नाही की आडवा नाही. स्टीलमधले मँगनीज सल्फाइडचे कण रोलिंगमध्ये लांबट होतात. त्यांच्या लांबीच्या दिशेनं भेग गेली तर ऊर्जा कमी लागते, त्यांना छेदून गेली तर जास्त. ११० आणि १६० मधला फरक मुख्यतः या दिशेचाच आहे, त्यानं पाइप चांगला ठरत नाही. फोनवर समजावलं, आकृती काढून पाठवली. त्यांनी ते मानलं.

११ जानेवारी, गुरुवार

भोसरीला वीज नाही, लॅब बंद. घरी बसून हिशेब केला.

प्रकल्पाचा ६० चा आकडा आला कुठून, हे एकदा स्वतः काढून बघायचं होतं. एपीआय ५एल मध्ये या ग्रेडला किमान २७ जूल पुरतात. हे २७ म्हणजे जुने २० फूट-पाउंड. भेग सुरू होऊ नये यासाठी तो आकडा ठीक आहे. सुरू झालेली भेग थांबवायची असेल तर वेगळा हिशेब लागतो.

पाइप फाटला की भेग आणि गॅस यांची शर्यत लागते. दाब उतरल्याची लाट नैसर्गिक वायूत साधारण ४०० मीटर प्रति सेकंद वेगानं पाइपमधून पळते. ठिसूळ भेग तिच्याही पुढे धावते. तिच्या टोकापाशी दाब पूर्णच राहतो, म्हणून ती थांबत नाही. अमेरिकेत १९६० साली ट्रान्सवेस्टर्नच्या ३० इंची लाइनीची गॅस भरून चाचणी चालू होती, तेव्हा अशीच एक भेग १३ किलोमीटर धावली. आपलाही पाइप ३० इंचीच. चिवट भेग बरीच हळू असते, शंभर ते तीनशे मीटर प्रति सेकंदाच्या घरात. लाट तिला मागे टाकते, टोकापाशी दाब उतरतो आणि पुरेशी चिवट भिंत समोर आली की भेग अडते. म्हणजे प्रश्न दोन आहेत. भेग चिवटच राहील ना, हा पहिला. आणि चिवट राहिली तर तिला अडवण्याएवढी ऊर्जा भिंत घेईल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर शिअर एरिया देतो, दुसऱ्याचं जूल. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर दुसरा विचारण्यात अर्थ उरत नाही.

दुसऱ्यासाठी बॅटेलचं सोपं सूत्र वापरलं. ओहायोतल्या या संस्थेनं खरे पाइप फोडून ते बसवलंय. हूप स्ट्रेसचा (दाबामुळे भिंतीत परिघाच्या दिशेनं येणाऱ्या ताणाचा) वर्ग, त्याला त्रिज्या आणि जाडी यांच्या गुणाकाराच्या घनमुळानं गुणायचं, मग ३.५७ × १०⁻⁵ नं. ७० बारला हूप स्ट्रेस २८१ मेगापास्कल. ३८१ गुणिले ९.५ याचं घनमूळ १५.३५. उत्तर ४३ जूल, पूर्ण मापावर. डिझायनरनी ६० धरून बऱ्यापैकी मोकळीक ठेवलीय. म्हणजे जुलांच्या बाजूनं लॉट ९ ला काळजी नाही. माझी काळजी पहिल्या प्रश्नाची आहे.

१२ जानेवारी, शुक्रवार

तुकडे, रिंग पीस आणि न फोडलेले तीन नमुने सकाळी लॅबला पोचले.

आधी तुकडे. ६१ जूलवाला नमुना दिव्याखाली धरला. नॉचच्या (नमुन्यात पाडलेल्या खाचेच्या) लगत करड्या, खरबरीत धातूची अरुंद पट्टी. दोन्ही कडांना बोटाला लागतील असे शिअर लिप, म्हणजे चिवट तुटल्याचे तिरके ओठ. आणि मध्ये एक चौकोन, तुकडा फिरवला की साखरेच्या दाण्यांसारखा चमचमणारा. चौकोन मोजला: ६ बाय ६ मिमी, म्हणजे ३६. नॉचखालचं एकूण क्षेत्र ७.५ गुणिले ८, म्हणजे ६०. चिवट भाग ४० टक्के. सर्टिफिकेटशी जुळलं. मिलच्या माणसानं मोजमाप प्रामाणिकपणे केलंय, ही नोंद मुद्दाम करते. उरलेले दोन पूर्ण करडे, मध्ये चमक नाही, कडा आत ओढल्या गेलेल्या.

त्याच रांगेत ठेवलेले दोन नमुने संपूर्ण चिवट आणि एक निम्म्याहून जास्त ठिसूळ, म्हणजे शून्य अंश हे तापमान या स्टीलच्या ट्रान्झिशनच्या, म्हणजे चिवटाकडून ठिसूळाकडे जाण्याच्या, पट्ट्यातच पडतंय. त्या पट्ट्यात नमुना एकदा इकडे पडतो, एकदा तिकडे. १२७ ही सरासरी कुठल्याच नमुन्याची नाही. तिचा काही अर्थ निघत नाही.

दुपारी नॉच बघितले. प्रोजेक्टरवर ५० पट मोठी सावली पाडून लॅबमधल्या काकांनी टेम्पलेट लावली आणि गप्प बसले. मग म्हणाले, “मॅडम, हे बघा. बूड गोल झालंय.” नॉचच्या तळाची त्रिज्या ०.२५ मिमी हवी, फरक ०.०२५ पर्यंत चालतो. इथे ०.३८ भरली. खोली २ मिमीऐवजी १.९२. तिन्ही नमुन्यांत तेच. ब्रोच, म्हणजे नॉच कापणारं हत्यार, झिजलाय.

बोथट नॉचला भेग सुरू करायला जास्त ऊर्जा लागते, म्हणजे आकडा फुगतो. खात्रीसाठी चांगल्या पाइपमधून आमच्या ब्रोचनं तीन नमुने काढून शून्याला फोडले: १५२, १४९, १५५. त्याच पाइपचे मिलचे आकडे १७१, १६८, १७५. म्हणजे मिलचे आकडे तेरा टक्के वर आहेत. आमचं ३०० जूलचं मशीन आधी रिकामं झुलवून तपासलं, घर्षणाचा तोटा ०.६ जूल, हद्दीत. वार्षिक पडताळणीची मुदतही संपलेली नाही.

मिलला आजच कळवलं. आरोपाच्या भाषेत नाही. ब्रोच झिजतोच. पण नॉच किती नमुन्यांनंतर प्रोजेक्टरवर बघायचा, हे त्यांच्या कार्यपद्धतीत लिहिलेलंच नाही.

१५ जानेवारी, सोमवार

संक्रांत. लॅबमध्ये तिळगूळ वाटला आणि कामाला लागलो.

वाईट, म्हणजे ६१ वाल्या, पाइपची पूर्ण ट्रान्झिशन कर्व्ह (वेगवेगळ्या तापमानांना ऊर्जा किती, याचा आलेख) काढायची. बाथ अल्कोहोल आणि ड्राय आइसचा. प्रत्येक तापमानाला नमुने पाच मिनिटांहून जास्त बुडवून ठेवले. चिमटाही बाथमध्येच ठेवायचा, गरम चिमट्यानं नॉच धरला तर केलेलं सगळं वाया. बाहेर काढल्यापासून पाच सेकंदांत हातोडा सुटला पाहिजे. काकांचा हात पाहण्यासारखा आहे. चिमट्यानं उचलणं, ॲन्व्हिलवर टेकवणं, मधोमध आणणं आणि खटका, सगळं साडेतीन सेकंदांत. घड्याळ लावून मोजलं.

अधिक २०: १४८, १५१, १४६. सगळे चिवट.
शून्य: १३९, ५२, ४७.
उणे १०: ४४, ३१, ८८.
उणे २०: २९, २४, ३८.
उणे ४०: ११, ९, १४.

उणे ४० ला आवाजच वेगळा येतो. ठोका न होता टिचकी वाजते आणि तुकडे दूर उडतात. तुटलेला पृष्ठभाग सपाट, चकाकणारा, शिअर लिप जवळजवळ नाहीतच.

योग्य नॉचनं शून्याला सरासरी ७९, सगळ्यात कमी ४७. म्हणजे ब्रोचची चूक दुरुस्त करूनही हा पाइप कागदावर पास होतो. दहा अंश खाली गेलं की एक नमुना ३१ वर येतो आणि हाच पाइप नापास. कड्याच्या अगदी टोकाला उभा आहे तो.

१६ जानेवारी, मंगळवार

चांगल्या पाइपची कर्व्ह. शून्याचे आकडे शुक्रवारचेच. उणे २०: १४४, १३१, १५०. उणे ४०: ११८, ९७, १२६. उणे ६०: ४१, ७२, ३५. दोन पाइपांच्या ट्रान्झिशनमध्ये जवळजवळ पन्नास अंशांचं अंतर. ग्रेड तोच, हीट (भट्टीतल्या एका ओतीचा) नंबरही शेजारचा, रासायनिक पृथक्करण समोरासमोर ठेवलं तर ओळखू येणार नाही.

उणे ४० च्या नमुन्यांवर स्प्लिट दिसले. तुटलेल्या पृष्ठभागावर पाइपच्या त्वचेला समांतर दोन-तीन खोल चिरा, जणू जाडीचे थर सुटे झालेत. नव्या मुलानं त्या बघून ‘लॅमिनेशन’ असं लिहिलं. ते खोडायला लावलं. लॅमिनेशन हा प्लेटमध्ये आधीपासून असलेला दोष, तो अल्ट्रासॉनिकमध्ये सापडतो. स्प्लिट नमुना तुटतानाच उघडतात. कमी तापमानाला नियंत्रित रोलिंग केलेल्या स्टीलमध्ये धान्यांची (ग्रेन, म्हणजे धातूतले सूक्ष्म स्फटिक) ठेवण आणि थर असे बसतात की जाडीच्या दिशेला ते कमकुवत राहतं. स्प्लिट पडले की नमुना जणू दोन-तीन पातळ नमुन्यांत वाटला जातो. त्यामुळे ऊर्जा थोडी उतरते, पण पातळ थर चिवटच तुटतात. ९७ वाला नमुना म्हणूनच मला खटकत नाही: ऊर्जा कमी, पण थरांच्या कडा करड्या आहेत, चमक नाही. वाईट पाइपचा ५२ वाला आणि हा ९७ वाला दोन्ही ‘कमी आलेले आकडे’, पण पहिल्यात स्टील ठिसूळ झालंय आणि दुसऱ्यात नाही. जूल बघून हा फरक कळत नाही, तुकडा हातात घ्यावा लागतो. शिअर एरिया मोजताना स्प्लिटच्या चिरा ठिसूळ भागात धरायच्या नाहीत, हेही त्या मुलाला मोजून दाखवलं. उरलेले दोन त्यानं स्वतः मोजले, बरोबर.

१९ जानेवारी, शुक्रवार

मिलमध्ये. डीडब्ल्यूटीटीसाठी (ड्रॉप वेट टिअर टेस्ट, वजन पाडून तुकडा फाडायची चाचणी) इथे यावं लागलं, आमच्याकडे तेवढं मोठं मशीन नाही. ३०५ बाय ७६ मिमीचा तुकडा, भिंतीच्या पूर्ण जाडीचा, ५ मिमी खोल नॉच दाबून काढलेला. वर उंचावरून वजन सोडायचं. नंतर जूल बघायचे नाहीत, फक्त तुटलेल्या पृष्ठभागाचा चिवट भाग. सरासरी ८५ टक्के हवी.

चार्पीला ७.५ मिमीचा नमुना असला की निकाल थोडा खुशामतीचा येतो. पातळ नमुन्यात धातूला बाजूनं आक्रसायला जागा मिळते, म्हणून तो जास्त थंडीपर्यंत चिवट राहतो. ७.५ चा आकडा दहाला नेताना आपण सरळ प्रमाण लावतो. पूर्ण चिवट नमुन्यात ते चालतं, ट्रान्झिशनमध्ये चालत नाही. पूर्ण भिंत काय करते, हे डीडब्ल्यूटीटीच सांगते.

वाईट पाइप, शून्य अंश: ३५ आणि ४०. चांगला पाइप, शून्य अंश: ९६ आणि ९४. उणे २०: ९०, ८८.

खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मुद्दा आला: आपल्याकडे जमिनीत मीटरभर खाली तापमान शून्याला कधी जातच नाही, मग शून्याची चाचणी कशाला धरून बसायचं? मुद्दा खोटा नाही, आणि मी तो उडवून लावला नाही. पण ७० बारचा गॅस जिथे २० बारवर उतरतो, तिथे प्रत्येक बारमागे साधारण अर्धा अंश थंड होतो, म्हणजे पंचवीस अंशांची घसरण. हिवाळ्याच्या पहाटे स्टेशनच्या पुढचा पाइप, किंवा लाइन रिकामी करतानाचा व्हॉल्व्हजवळचा पाइप शून्याच्या खाली जाऊ शकतो. शिवाय ३५ टक्के चिवट असलेला पाइप दहा-पंधरा अंशांवरही पूर्ण सुरक्षित आहे, असं मी सहीनिशी लिहू शकत नाही.

लॉट ९ वर होल्ड टॅग लागला. मिलनंच लावला, मला आग्रह करावा लागला नाही.

मिलची आधीची डीडब्ल्यूटीटी ९२ होती. ती त्याच हीटच्या दुसऱ्या पाइपची निघाली.

२३ जानेवारी, मंगळवार

मायक्रोस्कोप. २ टक्के नायटलनं (अल्कोहोलमधलं नायट्रिक आम्ल) एच करून, म्हणजे पृष्ठभाग हलका खाऊ देऊन. चांगल्या पाइपमध्ये धान्य बारीक, एकसारखं, एएसटीएम मापानं ११ ते १२ (आकडा जितका मोठा तितकं धान्य बारीक). वाईट पाइपमध्ये बारीक धान्यात मध्येच मोठ्या धान्याचे पट्टे, ८ पर्यंत. ठिसूळ भेगेला मोठ्या धान्यात मोकळं रान मिळतं, बारीक धान्यात प्रत्येक सीमेला दिशा बदलावी लागते. पन्नास अंशांचा फरक या पट्ट्यांनी पडू शकतो.

हे पट्टे आले कुठून? पाइप नंबरांवरून कॉइलचा नकाशा मांडला. २५ टनांची कॉइल सुमारे २२३ मीटर लांब. १२ मीटरच्या एका पाइपला तिची १९ मीटर लागतात, म्हणजे एका कॉइलचे अकरा-बारा पाइप. आमचा वाईट पाइप कॉइलचा पहिला होता. ९२ टक्केवाला पाइप सहावा.

कॉइलचं तोंड शेवटच्या स्टँडमधून (रोलांच्या संचातून) बाहेर येताना रोलिंगचं तापमान आणि पुढचं पाण्याचं कूलिंग अजून स्थिर झालेलं नसतं. मिलनं स्टीलवाल्यांकडून रोलिंगचा आलेख मागवलाय.

२५ जानेवारी, गुरुवार

आलेख आला. त्या दिवशीच्या तीन कॉइलींमध्ये पहिल्या चाळीसेक मीटरचं फिनिशिंग (शेवटच्या रोलिंगचं) तापमान हद्दीच्या वर आहे. चाळीस मीटर म्हणजे पहिले दोन पाइप.

३१ जानेवारी, बुधवार

तिन्ही कॉइलींचे पहिले दोन, मधला एक आणि शेवटचा एक, असे बारा पाइप डीडब्ल्यूटीटीला. चार नापास. चारही पहिल्या दोनांपैकी. मधले आणि शेवटचे सगळे ८८ च्या वर.

चार्पीची सरासरी या चारांपैकी तिघांत ४५ च्या वर होती, नवा ब्रोच लावूनसुद्धा. हे वाक्य अहवालात ठळक टाकलंय.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

बैठक, दोन तास. ठरलं ते असं. या तीन कॉइलींचे पहिले दोन पाइप, पास झालेले धरून सहाही, या लाइनीतून बाद. बाकीच्या कॉइलींसाठी डीडब्ल्यूटीटीचा नमुना यापुढे कॉइलच्या तोंडाच्या पाइपमधून घ्यायचा, इन्स्पेक्टरला सोयीच्या पाइपमधून नाही. चार्पीच्या शिअर एरियाचे तिन्ही आकडे वेगवेगळे लिहायचे, सरासरी एकटी लिहायची नाही. तुटलेले तुकडे लॉट सुटेपर्यंत जपून ठेवायचे. ब्रोच बदलला की, आणि त्यानंतर दर पन्नास नमुन्यांनी, नॉच प्रोजेक्टरवर.

पन्नास की शंभर यावर वीस मिनिटं गेली. मिलचे साहेब म्हणाले, “मॅडम, पन्नास घ्या. एकदा अंगावर आलंय, पुन्हा नको.”

५ फेब्रुवारी, सोमवार

लॉट १२ चे पहिले नमुने आले. प्रोजेक्टरवर त्रिज्या ०.२६. शून्याला १५०, १४६, १५३, तिन्ही शिअर १००. पाइप कॉइलचा पहिला.

लॉट ९ चे तुकडे सिलिका जेल घालून पाकिटात भरले, वर पाइप नंबर आणि तापमान लिहिलं. ५२ आणि ९७ वाले एका वेगळ्या पाकिटात, नव्या मुलाच्या टेबलाच्या खणात ठेवायला दिले.